पुसेगावची यात्रा आणि तंबूतला रात्रभराचा सिनेमा

रथाच्या आदल्या दिवशी

२०१३ हे भारतीय चित्रपटाच्या शंभरीचे वर्ष होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट लोकांसमोर आला, त्याला शंभर वर्षे होणार म्हणून पुण्या-मुंबईत समारंभांची, परिसंवादांची आणि खास खेळांची तयारी चालली होती. आमच्या फिल्म सोसायटीतल्या काही सभासदांचे मत असे पडले की, शताब्दीच्या वर्षातला पहिला चित्रपट पाहायचा तो तंबूत बसून. कारण स्वतः फाळके आपला प्रोजेक्टर आणि रिळे बैलगाडीत घालून गावोगाव फिरले होते, आणि त्यांच्या मागे तेच काम करणारे थोडे लोक अजून सातारा-सांगलीकडच्या यात्रांमध्ये कनाती उभारत होते. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात खटाव तालुक्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तिथे टुरिंग टॉकीज, म्हणजे तंबूतली फिरती थिएटरे, येतात आणि त्यांचे खेळ दुपारपासून पहाटेपर्यंत चालतात, एवढी माहिती आम्हाला होती. तेव्हा टॉकीजच्या शेजारी आपलेही ट्रेकिंगचे तंबू ठोकायचे आणि डोळे उघडे राहतील तोवर लागोपाठ चित्रपट पाहायचे, असा बेत ठरला.

स्वारगेटहून साताऱ्यापर्यंतचा प्रवास नेहमीचा; त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. साताऱ्याहून कोरेगावमार्गे पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागल्यावर मात्र मुलूख बदलत गेला. वर्धनगडाच्या अंगाने चढून गाडी खटावात उतरली तेव्हा दोन्ही बाजूंची ज्वारी गुडघ्याएवढीच राहून पिवळी पडलेली दिसली. ते दुष्काळाचे वर्ष होते. शेजारच्या माण तालुक्यात जनावरांच्या चारा छावण्या उघडल्या होत्या, आणि गाडीतल्या गप्पा यंदा बैलबाजार कसा भरेल, विकणारे किती आणि घेणारे किती, याभोवतीच फिरत होत्या. अशा वर्षी सिनेमाच्या तिकिटाला पैसे कोण काढणार, ही शंका आमच्यातल्या प्राध्यापकांनी बोलून दाखवली. शेजारी बसलेल्या मुंडासेवाल्या आजोबांनी त्यावर फक्त एवढेच म्हटले, "यात्रा हाय ती, मास्तर."

गावाबाहेरच्या माळावर टॉकीजचे तंबू एका ओळीत उभे होते आणि प्रत्येकाचे दर्शनी तोंड निराळ्या रंगांनी रंगवलेले होते. कमानीवर नट-नट्यांचे मोठाले चेहरे, दोन्ही बाजूंना तिकिटाच्या खिडक्या, वर भोंगे. आणि या भोंग्यांची आपसात अशी जुंपलेली की कोणत्या तंबूत कोणता चित्रपट आहे हे ऐकून कळणे अशक्य. एकजण मराठी भक्तिपटाची थोरवी सांगत होता, दुसरा दक्षिणेकडच्या मारधाडपटाची हिंदी आवृत्ती विकत होता आणि तिसरा नुसताच "जागा संपत आल्या, जागा संपत आल्या" असे ओरडत होता, वास्तविक आत तेव्हा कोणीही नव्हते.

आम्ही त्यातल्या त्यात जुना दिसणारा तंबू निवडला. त्याचे मालक साठीच्या घरातले, अंगात पांढरा सदरा आणि गळ्यात मफलर अशा वेशात खुर्ची टाकून बसले होते. पुण्याहून केवळ तंबूतला सिनेमा पाहायला माणसे आली आहेत, यावर त्यांचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला. आम्ही सरकारी तपासणीचे नाही, वर्तमानपत्रवाले नाही आणि तंबू विकतही घ्यायला आलेलो नाही, हे नीट पटल्यावर त्यांनी मागच्या बाजूच्या पडीक तुकड्यावर मुक्काम करायला परवानगी दिली. अट एकच होती: चूल पेटवायची नाही. कापडाला एक ठिणगी पुरते, असे ते म्हणाले आणि त्यांनी आत टांगलेल्या वाळूच्या लाल बादल्यांकडे बोट दाखवले.

आमचे तंबू दहा मिनिटांत उभे राहिले. टॉकीजचा तंबू उभा करायला त्यांच्या माणसांना जवळजवळ दिवस गेला होता. लोखंडी खांब, त्यांना ताणून धरणारे दोर, हातभर लांबीच्या मेखा, छताचे जाड कापड आणि चारी बाजूंनी कनाती, असा सगळा पसारा एका ट्रकमधून येतो. याच ट्रकच्या हौद्यात मागच्या तोंडाला प्रोजेक्टर पक्का बसवलेला असतो आणि ट्रक तंबूच्या शेपटाशी उभा केला की त्याचीच प्रोजेक्शनची खोली होते. प्राध्यापकांनी तंबू पावलांनी मोजला. विसाव्या शतकाच्या आरंभी अब्दुलअली युसुफअली नावाचे गृहस्थ आधी ब्रह्मदेश-सिंगापूरकडे आणि १९०८ नंतर भारतभर फिरता सिनेमा दाखवत असत. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद होता आणि त्यात हजारभर माणसे मावत, ही नोंद त्यांना पाठ होती. हेच गृहस्थ पुढे 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट काढणाऱ्या अर्देशीर इराणींचे भागीदार झाले. समोरचा तंबू त्याहून फारसा लहान भरला नाही, याचा प्राध्यापकांना झालेला आनंद मालकांना काही केल्या समजेना.

संध्याकाळच्या खेळाला आम्ही तिकिटे काढून आत गेलो. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला जे मोजावे लागते त्याच्या एका लहानशा भागात हे तिकीट मिळत होते. आत खुर्ची नाही. मधोमध बांधलेल्या दोराच्या एका बाजूला बायका आणि मुले, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि खाली शेतातलीच ढेकळे. जाणती मंडळी पोती, सतरंज्या आणि घोंगड्या घेऊन आली होती. चित्रपट सुरू झाल्यावर वारा उठला आणि पडदा, कडेच्या लोखंडी चौकटीला दोरीने चहूबाजूंनी घट्ट बांधलेला असूनही, मधोमध फुगू लागला. त्यामुळे नायिकेचा चेहरा जवळून दाखवला की तिचे गाल एकदा भरत आणि एकदा बसत. पोरांनी त्यावर शिट्ट्या मारल्या, बायकांच्या बाजूने हसू उसळले आणि नायिकेच्या दुःखाचा प्रसंग त्या हसण्यातच निघून गेला.

ती रात्र

रात्रीच्या खेळांच्या वेळी आमच्यापैकी दोघांना ट्रकवर चढण्याची मुभा मिळाली. त्यातला मी एक, आणि दुसरा आमचा विद्युत अभियंता मित्र. ऑपरेटरना सगळेजण काका म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या हवाली असलेला प्रोजेक्टर पस्तीस मिलिमीटरचा, आणि उजेड कार्बनचा होता. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट प्रत्यक्षात कशी चालते, ते इथे हाताच्या अंतरावरून पाहायला मिळाले. दिव्याच्या पेटीत तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर असतात. त्यांची टोके क्षणभर टेकवून मागे घेतली की मधल्या फटीत ज्योत पेटते आणि पाठीमागचा अंतर्वक्र आरसा तिचा उजेड फिल्मवर फेकतो. कांड्या जळून आखूड होतात, धन बाजूची अधिक वेगाने. म्हणून फट वाढत जाते, पडद्यावरचे चित्र आधी मंद होते आणि दुर्लक्ष झाले तर ज्योत विझते. ते होऊ नये म्हणून काका दर मिनिटा-दोन मिनिटांनी पेटीच्या दारातल्या काळ्या काचेतून आत पाहत आणि खालची मूठ किंचित फिरवत. त्यांचे बोलणे, चहा पिणे, पोराला हाक मारणे हे सगळे चालू असताना हात मात्र त्या मुठीकडे आपोआप जात होता.

कागदोपत्री चौदा-सोळा रिळांचा हिंदी चित्रपट दोन-दोन रिळे जोडून सात-आठ डब्यांत येई. थिएटरात दोन प्रोजेक्टर असल्यामुळे एक संपताना दुसरा सुरू करता येई आणि प्रेक्षकाला सांधा कळत नसे. इथे प्रोजेक्टर एकच. त्यामुळे वीस-बावीस मिनिटांनी अंधार, शिट्ट्या, आणि काकांची धावपळ. नवे रीळ वर चढवायचे, पट्टी दातेरी चाकांवरून ओढून भिंगामागच्या छोट्या दाराच्या, म्हणजे गेटच्या, फटीतून घालायची, वर आणि खाली नेमके सैल वळण ठेवायचे आणि पुन्हा ज्योत पेटवायची, हे सारे ते कंदिलाच्या उजेडात करत. सैल वळण कमी पडले तर फिल्म तुटते. कारण गेटजवळ ती सेकंदाला चोवीस वेळा थांबते आणि चोवीस वेळा पुढे सरकते, तर वरचे रीळ मात्र अखंड फिरत असते. संपलेले रीळ एक पोरगा हाताने उलटे गुंडाळत बसला होता. त्याला झोप अनावर झाली होती, तरी हँडल फिरतच होते.

आमच्या मित्राला या यंत्राचे इतके कौतुक वाटले की त्याने कार्बनच्या उजेडाचा रंग, त्याची ऊब, डिजिटलमध्ये ती कशी येत नाही, असे बरेच काही सांगायला सुरुवात केली. काकांनी ऐकून घेतले. मग पेटीच्या वरच्या धुराड्याकडे हात करून म्हणाले, "त्यो धूर कुठं जातुय, ते बगा." तो त्यांच्याच तोंडावर येत होता. या गोष्टीवर आमच्यात पुढे बराच वाद झाला. माझे मत स्पष्ट आहे: कार्बनच्या उजेडाचा लोभ आपल्याला खाली बसून वाटतो, ट्रकमध्ये उभे राहून वाटत नाही.

बाराच्या खेळानंतर आमच्या मंडळींनी आळीपाळीने जागायचे असे ठरवले, कारण तीन चित्रपट सलग पाहून सगळ्यांचीच शुद्ध हरपत चालली होती. शिवाय जानेवारीतली माणदेशी थंडी पातळ तंबूतून सरळ आत येत होती. मी टॉकीजमध्ये परत गेलो. चित्रपट जुना भक्तिपट होता, आवाज मुद्दाम बारीक ठेवलेला होता, आणि पडद्यावर ओरखड्यांचा संततधार पाऊस चालू होता. अंधाराला डोळे सरावल्यावर लक्षात आले की तंबू भरलेला आहे, पण बसलेले कोणीच नाही. सगळे निजलेले. डोक्यापर्यंत घोंगडी ओढलेले म्हातारे, पोटाशी पोरे घेतलेल्या बाया, एकमेकांच्या पायांवर डोकी टाकलेली तरुण पोरे. जागे होते ते मोजके; त्यांतले काही पडद्याकडे पाहत होते, काही तंबाखू मळत होते.

दोराजवळ बसलेल्या एका मावशींना मी चित्रपट कसा वाटतो, असे विचारले. त्या म्हणाल्या, "पिक्चर कोण बगतंय, लेकरा? हितं वारं लागत न्हाय. रातच्याला गाडी न्हाय, मग सकाळच्या गाडीपत्तुर कुठं जायाचं?"

नंतर मालकांनीही हेच निराळ्या भाषेत सांगितले. लांबच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या माणसाला संध्याकाळनंतर परतीची एसटी नसते. देवळाच्या आवारात दाटी असते आणि उघड्या माळावर रात्र काढवत नाही. तिकिटाच्या पैशात चारी बाजूंनी कनात, डोक्यावर छत आणि शेजारी माणसे मिळतात. म्हणून मध्यरात्रीनंतरच्या खेळाला ते नवा चित्रपट लावत नाहीत, मारधाडीचा तर नाहीच. आवाज कमी ठेवतात आणि मध्ये कोणाला उठवून बाहेर काढत नाहीत. "शेवटचा खेळ मुक्कामाचा असतोय," ते म्हणाले. रात्रभराच्या सिनेमाला आम्ही पुण्यात रसिकतेचा कळस समजत होतो, आणि पुसेगावात त्याचे मूळ एसटीच्या वेळापत्रकात निघाले. आमच्यातल्या काहींचा यामुळे हिरमोड झाला. मला मात्र तंबूविषयी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. कारण प्रेक्षक झोपला तरी काकांना झोपता येत नव्हते, चित्र विझले की माणसे जागी होतात, आणि म्हणून निजलेल्या तंबूसाठी ते दर दोन मिनिटांनी मूठ फिरवत पहाटेपर्यंत उभे होते. त्यांच्या शेजारी आमच्या मॅरेथॉनची ऐट काय सांगावी?

वद्य पक्षातला चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवला. तोपर्यंत आमच्या पाळ्या कोलमडल्या होत्या आणि ज्याने पहाटेचा खेळ पाहायचा पत्करला होता तोही मावशींच्या शेजारच्या पोत्यावर गाढ झोपलेला सापडला.

रथाचा दिवस

सकाळी टॉकीजमधून माणसे बाहेर पडली ती थेट देवळाकडे आणि एसटीच्या थांब्याकडे. आत राहिलेल्या शेंगांच्या टरफलांचा थर झाडायला तासभर लागला.

पुसेगावचा रथ प्रसिद्ध आहे तो नोटांसाठी. भाविक नोटांच्या माळा करून रथावर चढवतात आणि दुपारपर्यंत रथाचे लाकूड दिसेनासे होते. दुष्काळातही माळा कमी नव्हत्या. मुंबईला, गुजरातेत, दक्षिणेत सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात गेलेली या भागातली माणसे यात्रेला गावी येतात, त्यांचा त्यात मोठा वाटा असतो, असे सांगण्यात आले. बैलबाजारात गाडीतल्या गप्पा खऱ्या ठरत होत्या. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची खिलार जनावरे दाव्याला उभी होती आणि त्यांच्या मालकांपाशी वैरणीच्या भावाखेरीज दुसरा विषय नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम शेजारच्या तंबूत गेलो, कारण तिथे रिळे नव्हती. ट्रकच्या टपावर उपग्रहाची थाळी, हौद्यात डिजिटल प्रोजेक्टर आणि पेटीएवढा सर्व्हर. चित्रपट उपग्रहावरून कुलूपबंद येतो, ठरलेल्या खेळांपुरतेच कुलूप उघडते आणि प्रत्येक खेळाची नोंद आपोआप होते. तिथला ऑपरेटर विशी-बाविशीचा होता आणि खुर्चीत बसून मोबाईल पाहत होता. चित्र स्थिर, आवाज स्वच्छ, मध्ये अंधार नाही, शिट्ट्या नाहीत. शहरात नुकताच लागलेला चित्रपट इथे चालू होता, आणि तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रयोगशाळांनी नव्या चित्रपटांच्या रिळांच्या प्रती काढणे जवळपास थांबवले होते. त्यामुळे रिळांवर चालणाऱ्या तंबूला जुन्या, झिजलेल्या प्रतींवर भागवावे लागे. आमच्या मालकांची अडचण यंत्राच्या वयाची नव्हती, मालाची होती.

खेळ संपल्यावर प्राध्यापक बराच वेळ हळहळत राहिले. मी त्यांना एवढेच विचारले की, सहा महिने जुना चित्रपट पाहण्यात गावाने धन्यता का मानावी? त्यावर त्यांनी ओरखड्यांच्या सौंदर्यावर जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते, पण ते ऐकायला तंबूतले कोणी थांबले नाही. सगळे पुढच्या खेळाच्या रांगेत उभे होते. एका गोष्टीत मात्र ते बरोबर होते. डिजिटल तंबूत मध्यरात्रीनंतरही तोच नवा चित्रपट त्याच दणदणीत आवाजात चालू राहिला, कारण मोजलेले खेळ वाया घालवणे त्या मालकाला परवडणारे नव्हते. त्यामुळे निजायला आलेली माणसे दहा-दहाच्या गटाने आमच्या जुन्या तंबूत येत होती. त्या रात्री पहिल्या खेळांना अर्धा रिकामा राहिलेला तो तंबू दोननंतर भरला.

रथानंतर

उतरवणे चढवण्यापेक्षा भराभर होते. उजाडता उजाडता पडद्याच्या दोऱ्या सुटल्या, तो जमिनीला न टेकवता चौघांनी हातांवर झेलून घडी केला, मग कनाती, मग छत, आणि शेवटी मेखा, ज्या काढायला सर्वांत अधिक जोर लागतो. आम्हीही हात लावला. काकांनी प्रोजेक्टरचे भिंग काढून मऊ फडक्यात गुंडाळले आणि स्वतःच्या पिशवीत ठेवले; ते ट्रकमध्ये जात नाही, त्यांच्याबरोबर पुढच्या आसनावर जाते. जळून उरलेली कार्बनची थोटके त्यांनी बिस्किटाच्या डब्यात भरली. नव्या कांड्या मिळणे कठीण झाल्यामुळे तीही जोडून वापरावी लागत होती.

हिशेब मालकांनी आमच्यासमोरच केला. जागेचे भाडे, जनरेटरचे डिझेल, माणसांचा पगार आणि जेवण, चित्रपटांचे भाडे वजा जाता काही उरले, पण फार नाही. आणि जे उरले ते बव्हंशी मुक्कामाच्या खेळांचे होते. पुढचा मुक्काम पौषात कऱ्हाडजवळ पालीच्या खंडोबाला. दिवाळीनंतर निघालेला ट्रक असाच यात्रेमागून यात्रा करत पावसाच्या तोंडाशी घरी पोहोचतो. पालीहून पुढे डिजिटल यंत्र भाड्याने घेऊन पाहावे, असे मालकांच्या मनात होते. काकांचा त्याला विरोध नव्हता. आपल्याला ते शिकायला किती दिवस लागतील, एवढेच त्यांनी आमच्या अभियंत्या मित्राला बाजूला घेऊन विचारले. मित्राने दोन दिवस सांगितले. काकांनी रात्री जुना भक्तिपट त्यात लावता येईल का, आणि आवाज किती बारीक होतो, हेही विचारून घेतले.

आम्हाला कोरेगावकडची एसटी मिळाली नाही. वडापच्या जीपमध्ये सामान मांडीवर घेऊन आम्ही निघालो, तेव्हा प्राध्यापक त्याच महिन्यातल्या पुण्याच्या चित्रपट महोत्सवाच्या पासाबद्दल कोणाशी तरी फोनवर बोलत होते आणि बाकीचे झोपले होते.